न्यायासनापुढचा दुभाषी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा एक आग्रह असे. इतिहास शिकविताना सिंहासनावरच्या माणसाकडे सगळेच पाहतात. तुम्ही त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा, असे ते सांगत. आजच्या विषयाची निवड मी त्या आग्रहाला स्मरून केली आहे. न्यायासनापुढे एका भाषेत बोललेले दुसऱ्या भाषेत सांगणारा जो मनुष्य उभा असतो, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे. निकालपत्रात न्यायाधीशाचे नाव असते, वकिलांची असतात, साक्षीदारांची असतात. याचे नाव बहुधा नसते. मात्र साक्षीदाराचे म्हणून जे वाक्य निकालपत्रात उतरते, ते पुष्कळदा याचे असते.

हा विषय बडोद्याला परका नाही, आणि आपल्या मकरपुऱ्याला तर मुळीच नाही. खंडेराव महाराजांनी १८७० साली येथे उन्हाळ्यासाठी राजवाडा बांधला. पुढे सयाजीराव महाराजांनी तो वाढविला, आणि आज तेथे भारतीय वायुदलाची प्रशिक्षणशाळा आहे. त्या वाड्याच्या परिसरात पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली. दरबारी मराठी, गावची गुजराती, कामगारांची हिंदी आणि करारमदाराची इंग्रजी या चार भाषांत येथला व्यवहार चालतो. अलीकडे त्यांत कोरियन आणि रशियन यांची भर पडली आहे. त्यामुळे कधीकधी एखादा वकील माझ्यासारख्या निवृत्त मराठीच्या प्राध्यापकाकडेही, 'सर, कोरियन जाणणारा कोणी मिळेल का?' असे विचारीत येतो. मराठीच्या माणसाला कोरियनचे काय विचारता, असे म्हणून मी हसतो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे मला याच शहराच्या इतिहासाने शिकविले आहे.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. 'दुभाषी' हा आपला जुना शब्द. मद्रासेकडे इंग्रजांनी त्याचा 'दुबाश' केला, आणि तो दुबाश केवळ बोलणे पोचविणारा न राहता व्यापाऱ्याचा दलाल, कारभारी, कधी सावकारही झाला. अरबीतला 'तर्जुमान' युरोपात जाऊन 'ड्रॅगोमन' झाला. रशियनमध्ये जुना शब्द 'तोल्माच'. तो तुर्की कुळातून आलेला, आणि जर्मनांचा 'डोल्मेचर' त्याचाच भाऊबंद. गोव्यात पोर्तुगीज सरकारच्या दुभाष्याला सरळ 'लिंग्वा', म्हणजे 'जीभ', असेच म्हणत. कोरियात चोसन राजवटीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुभाष्यांचे एक स्वतंत्र खातेच उघडले होते. तेथे चिनी, मंगोल, जपानी आणि पुढे मांचू या भाषांचे शिक्षण देऊन रीतसर परीक्षा घेत. जो देश आपल्या दुभाष्यांची परीक्षा घेतो, त्याला त्यांच्या चुकीची किंमत ठाऊक असते, असे मला वाटते. आपल्याकडे मात्र भाषा येते म्हणजे दुभाषीपण येते, असाच समज पूर्वापार चालत आला.

मराठ्यांच्या इतिहासात दुभाषी पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसतो तो रायगडावर. १६७४ च्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला, पण त्याच्या आधी गडावर पोचला होता नारायण शेणवी. त्याने रायगडाहून मुंबईला पाठविलेले पत्र आपल्याला उपलब्ध आहे. कंपनीची तहाची कलमे निराजीपंतांपुढे मांडली गेली, त्यांवर घासाघीस झाली. कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांवरचा माल परत मिळावा, या कलमांना महाराजांचा आक्षेप होता. असल्या बारकाव्यांची देवाणघेवाण मराठी आणि इंग्रजी यांच्यामधल्या अरुंद साकवावरून होत होती, आणि तो साकव म्हणजे हा शेणवी. राज्याभिषेकाच्या दिवशी दरबारात गर्दीमुळे इंग्रज दूर राहिले, तेव्हा नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. तिची चमक पाहून महाराजांचे लक्ष गेले आणि त्यांनी मंडळींना जवळ बोलावले, असे ऑक्झिंडेनने लिहून ठेवले आहे. इतका प्रसंगावधानी मनुष्य नोकरीला होता कंपनीच्या, आणि भाषा होती आपली. दुभाष्याच्या निष्ठेचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता बडोद्याकडे येतो. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष आढळले, आणि मल्हारराव महाराजांवर विषप्रयोगाचा आरोप आला. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचे काम फेब्रुवारी १८७५ मध्ये या शहरात सुरू झाले. आयोगात सहा जण होते. अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, सोबत सर रिचर्ड मीड आणि मेल्व्हिल. आणि दुसऱ्या बाजूला ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. सरकारतर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल होते. मल्हाररावांनी थेट इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन यांना आणविले. उलटतपासणीत साक्षीदाराची त्रेधा उडविण्यात त्या काळी त्यांचा हात धरणारा विरळा.

आणि येथेच गंमत झाली. गंमत म्हणावी की शोकांतिका, हे आपण ठरवा. उलटतपासणी हे वेगाचे शस्त्र आहे. प्रश्न अंगावर येतो, उत्तर तोंडातून निसटते, त्या निसटण्यात सत्य असते. बॅलंटाइन यांना येथली एकही भाषा येत नव्हती. रेसिडेन्सीतली आया अमिना, हवालदार रावजी, जमादार नरसू, महाराजांचा खासगीकडचा कारकून दामोदरपंत, यांच्यापैकी कोणी हिंदुस्थानी बोले, कोणी गुजराती, कोणी मराठी. पेद्रो नावाचा गोव्याकडचा बटलरही त्यांत होता. प्रश्न इंग्रजीत सुटे, दुभाष्यापाशी थांबे, साक्षीदाराकडे वळे, आणि तितक्या वेळात साक्षीदार सावरून बसे. लंडनच्या न्यायालयात ज्या आवाजाला आणि ज्या थांबण्याला ज्यूरी घाबरे, तो आवाज आणि ते थांबणे भाषांतरात येतच नाही. धारदार तलवार लोकरीत गुंडाळून चालवावी, तसे ते झाले.

कागदांचेही तसेच. दामोदरपंताने सोमल मागविण्यासाठी दिलेली याद घोड्याच्या औषधाच्या नावाने होती, असे त्याने सांगितले; खासगीच्या हिशेबांत काही नोंदींवर शाई सांडलेली निघाली. खासगी म्हणजे राजाच्या घरचा स्वतंत्र खर्च, हे मराठी दरबारात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. त्या खात्यातून काय काय जाते, नोंद उघड नावाने का होत नाही, त्यातले किती पाप आणि किती नुसती रीत, हे दिनकररावांसारख्या मुरलेल्या दिवाणाला कागद पाहताच कळले असणार. इंग्रजी तर्जुम्यात त्या शब्दाला गुप्ततेचा वास येतो. सहा जणांत तीन-तीन अशी फूट पडली: तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, तिघा भारतीयांना वाटला नाही. या फुटीला केवळ भाषा कारण, असे मी म्हणणार नाही. राजकारण, वंश, संस्थानिकांची परस्परांविषयीची जाणीव, सारेच त्यात होते. तरी ज्यांनी साक्षी मूळ बोलण्यात किंवा त्याच्या जवळपासच्या बोलण्यात ऐकल्या ते एका बाजूला गेले, आणि ज्यांना तर्जुम्यावर मुख्यतः विसंबावे लागले ते दुसऱ्या, ही गोष्ट मला नजरेआड करवत नाही. अखेर एप्रिल १८७५ मध्ये सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना पदच्युत केले. ते मद्रासेला गेले आणि १८८२ मध्ये तेथेच वारले. इकडे कवळाण्याचा एक मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला.

सयाजीराव महाराजांनी यापासून काय घेतले, हे कोठे लिहिलेले नाही. परंतु १९३१ साली बडोद्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला, आणि त्यात राज्यकारभाराचे व कायद्याचे शब्द इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांत शेजारी शेजारी ठेवले आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी तो ग्रंथ एकदा हाताळावा. शिवकाळातील राजव्यवहारकोशाची ती बडोदेकर संतती आहे.

बडोद्याच्या खटल्यात निदान निकाल देणाऱ्यांपैकी निम्म्यांना भाषा कळत होती. १९०८ साली मुंबईत तेही नव्हते. 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांबद्दल लोकमान्यांवर खटला झाला, तेव्हा ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख मराठी, आणि ते वाचू शकेल असा ज्यूरर नाही. सरकारच्या ओरिएंटल ट्रान्स्लेटरच्या कचेरीतील भास्कर विष्णू जोशी साक्षीला उभे राहिले, आणि टिळकांनी स्वतः त्यांची उलटतपासणी घेतली. शब्दाशब्दावर कोश उघडले गेले. आपले मूळ लेख नव्हे तर त्यांचे विपर्यस्त भाषांतर न्यायालयापुढे आहे, असे टिळकांचे म्हणणे होते. माझ्या पिढीने त्या खटल्यातले अखेरचे तेजस्वी उद्गार पाठ केले. भाषांतराची ही उलटतपासणी मात्र कोणी वाचीत नाही. खरे तर एम.ए.च्या भाषांतरविद्येच्या अभ्यासक्रमाला तिच्याइतके चांगले पाठ्यपुस्तक नाही. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, सहा वर्षे काळे पाणी. ते दोन कोण हे ज्यूरीच्या खोलीतच राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने या प्रश्नाकडे प्रथमच यंत्राच्या साहाय्याने पाहिले. न्यूरेंबर्गला इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत एकाच वेळी कानात भाषांतर ऐकू येई. वक्ता घाईने बोलला तर पिवळा दिवा लागे, थांबवायचे असेल तर तांबडा. टोकियोच्या खटल्यात, जेथे न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी आपले प्रसिद्ध भिन्नमत दिले, तेथे दुभाष्यावर देखरेख करणारा एक आणि वाद मिटविणारे भाषा-मंडळ निराळे, अशी तीन पायऱ्यांची रचना होती. दुभाष्यावर विश्वास ठेवावा, पण त्याच्या शेजारी दुसरा जाणकार बसवावा, ही ती समज.

आणि आता कोरिया. आपल्यापैकी अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटेल की कोरियन दुभाष्यांचा प्रश्न भारताच्या दारात सर्वांत मोठ्या प्रमाणावर आला तो १९५३ साली, आणि त्याला तोंड देणाऱ्यांत एक मराठी सेनानी होता. कोरियातील युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे, यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने आलेले कैदी बावीस हजारांवर, पैकी चौदा हजार सातशेच्या आसपास चिनी आणि सात हजार नऊशे कोरियन.

ऑक्टोबर १९५३ पासून 'समजावणी' सुरू झाली. तंबूत एकेक कैदी आणला जाई. त्याच्या देशाचा प्रतिनिधी त्याला परत येण्याबद्दल सांगे. पाच राष्ट्रांचे प्रतिनिधी ऐकत. आणि कैद्याने एका दाराने बाहेर पडायचे की दुसऱ्या, यावर त्याचे उरलेले आयुष्य ठरे. आता ऐकणारे कोण? भारतीय, स्विस, स्वीडिश, पोलिश आणि चेकोस्लोव्हाक. बोलणे कोरियन किंवा चिनी. 'मी जाणार नाही' असे तो म्हणाला, की 'मला जाऊ देणार नाहीत' असे म्हणाला, हे मंडळाला सांगणार दुभाषी. तो या बाजूचा असेल तर ती बाजू संशय घेई, त्या बाजूचा असेल तर ही. खटला नव्हता, वकील नव्हते, तरी न्यायाचे इतके कोंदट दालन दुसरे नसेल. थोरातांच्या इंग्रजी आत्मचरित्रात या काळाची हकीकत आहे. समजावणी डिसेंबरात थांबली. बहुतेक कैदी तंबूपर्यंत पोचलेच नाहीत. अठ्ठ्याऐंशी जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते आपल्या सैन्याबरोबर जहाजाने १९५४ च्या फेब्रुवारीत भारतात आले. पुढे काही दक्षिण अमेरिकेत गेले, काही येथेच राहिले. चोई इन-हून या कोरियन लेखकाने १९६० साली त्यावर 'चौक' या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तिचा नायक असाच एक कैदी, आणि तटस्थ देशाकडे निघालेल्या त्या जहाजावर कप्तान व कैदी यांच्यामधला दुभाषीही तोच. तो किनाऱ्याला पोचत नाही.

रशियन भाषा मात्र बडोद्यात खटल्याच्या वाटेने आली नाही, तेलाच्या वाटेने आली. १९५८ साली खंबातजवळ लुणेज येथे तेल लागले, १९६० मध्ये अंकलेश्वरला. सोव्हिएत तज्ज्ञ त्या कामात होते. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला: करार १९६१ चा, कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते १९६३ मध्ये, उत्पादन १९६५ पासून. तेल आयोगाची कचेरी तर आपल्या मकरपुरा रस्त्यावरच. त्या काळात रशियन तज्ज्ञामागे दुभाषी असे, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात रशियन भाषेचा विभागही आहे. म्हणजे या शहरात रशियन जाणणाऱ्यांची एक परंपरा आहे. परंतु ती झडपा, नळ आणि तापमानाची रशियन. 'जामीन', 'हमी', 'नुकसानभरपाई', 'विनाहरकत' या शब्दांची रशियन निराळी. अभियंत्याला उत्तम साथ देणारा दुभाषी साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी अडखळतो, यात त्याचा दोष नाही.

कायदा या बाबतीत काय सांगतो? आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, आणि दुभाष्याने खरे भाषांतर केलेच पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ व २८२ या कलमांत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती तरतूद कायम आहे. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदाराइतकीच दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात स्थानबद्धाला इंग्रजी न कळता इंग्रजीत कारणे देणे आणि अधिकाऱ्याने ती तोंडी समजावणे पुरेसे मानले नाही. १९८० मध्ये केवळ गुजराती जाणणाऱ्या लल्लूभाई पटेल यांच्या बाबतीतही तेच म्हटले. तत्त्व निर्मळ आहे. पण कोरियन दुभाषी आणायचा कोठून, हे कलमात लिहिलेले नसते.

माझ्याकडे येणाऱ्या वकिलांना मी काय सांगतो ते आता सांगतो. पहिली गोष्ट, विद्यापीठांकडे जा. रशियनसाठी आपले बडोदे आणि पुणे, कोरियनसाठी दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तेथले प्राध्यापक आपले जुने विद्यार्थी ओळखतात, आणि त्यांतले कोण स्वतंत्रपणे काम करतात हेही त्यांना माहीत असते. दूतावासाकडेही विचारावे. दुसरी गोष्ट, 'भाषा येते का?' एवढेच विचारू नका; पूर्वी न्यायालयात किंवा लवादापुढे उभे राहिला आहात का, हे विचारा. लिखित भाषांतर करणारा आणि बोलणे पोचविणारा हे दोन निराळे कारागीर आहेत. तिसरी, त्याने दोन्ही पक्षांपैकी कोणाकडे पूर्वी पैसे घेतले आहेत का ते आधीच उघड करा. नारायण शेणव्याची अंगठी प्रत्येक दुभाष्याच्या हातात असते. चौथी, खटल्यातले शब्द त्याला आठवडाभर आधी द्या. आणि शक्य असेल तर कोरियनमधून इंग्रजी, इंग्रजीतून गुजराती अशी साखळी टाळा.

साखळी का टाळायची, हे भाषाशिक्षकाच्या नात्याने जरा थांबून सांगितले पाहिजे. रशियन माणूस 'पद्पीसिवल' म्हणाला तर सही करण्याची क्रिया झाली एवढेच कळते. ती पुरी झाली की नाही ते संदर्भ सांगतो. 'पद्पिसाल' म्हणाला तर सही झाली, काम संपले. आपल्याकडे 'सही करीत होतो' आणि 'सही केली' यांत थोडासा तसा भेद आहे. घाईच्या इंग्रजीत दोन्हींचे एकच रूप होते. कोरियनची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात कर्ता सर्रास गाळतात, आणि क्रियापदाला पुरुष किंवा वचन लागत नाही. 'सही केली' एवढेच वाक्य. मी, त्याने की आम्ही, ते ऐकणाऱ्याने जाणायचे. मराठीत 'गेलो' म्हटले की माणूस सापडतो. कोरियनमध्ये तेवढ्याने सापडत नाही. आणि होकाराचे तर पाहाच. 'तुम्ही यंत्र तपासले नव्हते ना?' या प्रश्नाला कोरियन माणूस 'ने' म्हणतो. 'ने' म्हणजे 'हो'. त्याचा अर्थ 'बरोबर, नव्हते तपासले'. आपणही मराठीत असेच बोलतो. पण मध्ये इंग्रजी आली की 'येस' होते, आणि 'येस' म्हणजे तपासले होते, असे समजण्याचा धोका उभा राहतो.

हे पुस्तकी उदाहरण नाही. मकरपुऱ्याच्या वसाहतीतील एका लहान कारखानदाराचा यंत्राच्या बिघाडावरून परदेशी पुरवठादाराशी वाद होता, आणि तो लवादापुढे गेला. कारखानदाराचे वकील माझे माजी विद्यार्थी. कर्जाऊ घेतलेले यंत्र सहा महिने बंद, चाळीस कामगारांचा पगार अडलेला. पुरवठादाराचा तंत्रज्ञ कोरियन, आणि रवानगीपूर्वी यंत्राची चाचणी झाली होती की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर सारे अवलंबून. माझ्या विद्यार्थ्याने बऱ्याच खटपटीने दिल्लीहून एक बाई मिळविल्या. दोन्ही पक्षांनी त्यांच्या नावाला लेखी संमती दिली आणि मेहनताना निम्मा निम्मा वाटून घेतला. 'चाचणी केली नव्हती ना?' असा प्रश्न गेला, तंत्रज्ञ 'ने' म्हणाला, आणि समोरच्या वकिलांनी लगेच 'येस' लिहून घेण्याची विनंती केली. त्या बाईंनी हात वर केला. कोरियनमध्ये या उत्तराचा अर्थ उलट होतो, तेव्हा प्रश्न नकार काढून पुन्हा विचारण्याची परवानगी असावी, असे त्यांनी लवादाला सांगितले. लवादाने परवानगी दिली, आणि मूळ प्रश्न, मूळ उत्तर व ही विनंती अशी तिन्ही नोंदवून घेण्यास सांगितले. प्रश्न पुन्हा विचारला गेला: 'चाचणी केली होती का?' तंत्रज्ञ थोडा वेळ टेबलाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, 'आनियो.' बाईंनी सांगितले, 'नाही.'